डीओआरबी, डीडीजीएस, राईस पॉलिश: लेयरच्या खाद्यात घ्यायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

मॅशवाला_वसई (प्रश्न)

वसई पूर्वेला ५००० लेयर (अंड्यांच्या कोंबड्या), वय ३२ आठवडे, तीन मजली पिंजरे. मॅश (दळून मिसळलेलं खाद्य) शेडवरच दळतो. सध्याचं सूत्र १०० किलोला असं: मका ५७, सोयापेंड २४, डीओआरबी (तेल काढलेला तांदळाचा कोंडा) ७, मार्बल (कवचाच्या कॅल्शियमसाठी चुनखडीचा चुरा) ९.५, डीसीपी (फॉस्फरससाठी डायकॅल्शियम फॉस्फेट) १.२, आणि मीठ, मिथिओनिन, प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजं) वगैरे मिळून १.३.

हिशेबासाठी पोच भाव धरा: मका २४, सोयापेंड ४२, डीओआरबी १६ रुपये किलो. आता समोर आलेले माल:

मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल कारखान्यात स्टार्च आंबवून काढल्यावर उरलेला सुका चोथा) २० रुपये. तांदळाचं डीडीजीएस २८ रुपये, गोणीवर “प्रोटीन ४४” लिहिलेलं. वाडा भागातल्या भातगिरणीचं ताजं राईस पॉलिश (तांदूळ पांढरा करताना निघणारा तेलकट बारीक कोंडा). आणि बिअर कारखान्याचा ओला चोथा, जो तबेलेवाले उचलतात.

दलालाचं म्हणणं, सोया ४२ ला आणि हे २८ ला, प्रोटीन तेवढंच, तर अर्धी सोया काढून टाका. हे इतकं सरळ असतं तर सगळ्यांनीच केलं असतं, म्हणून विचारतो. माल परवडतो की नाही हे कागदावर कसं काढायचं, गोणी उघडल्यावर काय बघायचं, आणि कोंबडीला घालून खात्री कशी करायची? ब्रॉयलर नाहीत, फक्त लेयर.

---

चाळणवाला

प्रोटीनचा आकडा बाजूला ठेवा. तो नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेला असतो. त्यातलं कोंबडीला किती पचणार हे तो सांगत नाही.

भाव काढायची जुनी पद्धत म्हणजे मका आणि सोया यांनाच माप धरायचं. मक्यातून मुख्यतः ऊर्जा विकत घेतो, सोयातून प्रोटीन. दोन समीकरणं मांडली की एक टक्का प्रोटीन आणि १००० किलोकॅलरी यांचे भाव सुटतात. मका ९ टक्के प्रोटीन आणि ३३५० किलोकॅलरी, सोयापेंड ४५ टक्के आणि २३५० किलोकॅलरी धरली तर तुमच्या भावाने १ टक्का प्रोटीन ६५ पैशांना पडतं आणि १००० किलोकॅलरी ५.४२ रुपयांना. आता हे नव्या मालाला लावा:

डीओआरबी (१५ टक्के, १९०० किलोकॅलरी): सुमारे २० रुपये.
मका डीडीजीएस (२७ टक्के, २६०० किलोकॅलरी): सुमारे ३१.६०.
तांदूळ डीडीजीएस (४४ टक्के, २७०० किलोकॅलरी): सुमारे ४३.२०.

म्हणजे या हिशेबाने तांदळाचं डीडीजीएस सोयापेक्षा महाग विकलं तरी चालेल! दलाल हाच हिशेब सांगतोय आणि घोळ इथेच आहे. आता प्रोटीनच्या जागी पचणारं लायसिन (प्रोटीनमधलं एक आवश्यक अमिनो आम्ल) ठेवा. मका ०.२२, सोयापेंड २.५, डीओआरबी ०.४२, मका डीडीजीएस ०.५, तांदूळ डीडीजीएस ०.९ टक्का धरा. समीकरणं पुन्हा सोडवली की लायसिनच्या एका टक्क्याला १०.७३ रुपये आणि १००० किलोकॅलरींना ६.४६ रुपये येतात. मग डीओआरबी १६.८०, मका डीडीजीएस २२.२०, तांदूळ डीडीजीएस २७.१०.

४३ चा माल २७ वर आला. मालात काही बदललं नाही, मोजायची काठी बदलली.

आणखी एक. वरचे आकडे चांगल्या मालाचे आहेत. डीओआरबीत तूस जास्त असलं तर १९०० ऐवजी १५०० किलोकॅलरीही मिळत नाहीत. स्वतःच्या लॉटचा रिपोर्ट घालूनच हिशेब करा.

---

अमिनो_आम्ल

चाळणवाल्यांचं गणित बरोबर आहे, पण दुसरा आकडा मालावर अन्याय करतो. त्यात सोयाची ऊर्जा सोडून बाकी सगळी किंमत एकट्या लायसिनच्या डोक्यावर टाकली आहे. बाजारात लायसिन वेगळं, एल-लायसिन एचसीएल नावाच्या पुडीच्या रूपात मिळतं. समजा १६० रुपये किलो आणि ७८ टक्के लायसिन, तर १० ग्रॅम लायसिन साधारण दोन रुपयांना पडतं. समीकरण तेच पावणेअकरा रुपयांना धरतंय. शिवाय मिथिओनिन, सिस्टिन, थ्रिओनिन या बाकीच्या अमिनो आम्लांना शून्य किंमत दिली आहे. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये मिथिओनिन बऱ्यापैकी असतं.

म्हणून २७ ला तळ आणि ४३ ला छत समजा. तळाच्या खाली माल मिळाला तर भावाची चिंता नको. छताच्या वर असेल तर फोन ठेवून द्या. मधे असेल तर सूत्र सॉफ्टवेअरमध्ये किंवा एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये घालून बघा, पण लायसिन, मिथिओनिन अधिक सिस्टिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन यांची किमान मर्यादा प्रत्येकाला वेगळी लावून. नुसती प्रोटीनची मर्यादा लावली तर सॉफ्टवेअर आनंदाने अर्धी सोया काढून देईल.

अर्धी सोया काढल्यावर काय होतं ते पाहा. १२ किलो सोयातून ०.३० किलो पचणारं लायसिन येत होतं, १२ किलो तांदूळ डीडीजीएसमधून ०.१०८ येतं. फरक ०.१९२, म्हणजे टनाला अडीच किलो लायसिन एचसीएल वरून घालायचं. तेवढं घालता येतं. पण त्यानंतर ट्रिप्टोफॅन आणि आर्जिनिन कमी पडतात आणि ते विकत आणून घालणं परवडत नाही. म्हणून तांदळाचं डीडीजीएस लेयरला ५ टक्क्यांवर नेऊ नका. २८ हा भाव वाईट नाही, अर्धी सोया काढणं वाईट आहे. त्यात पिवळा रंगही नसतो, मका कमी करून हे वाढवलं की बलक फिका पडतो आणि मुंबईच्या दुकानदाराला ते पहिल्याच ट्रेमध्ये दिसतं.

मक्याचं डीडीजीएस जास्त सरळ माल आहे. २० ला मिळत असेल तर ते त्याच्या तळाच्याही (२२.२०) खाली आहे. सुरुवात त्यानेच करा:

मका ५३, सोयापेंड १९, मका डीडीजीएस ८, डीओआरबी ८, मार्बल ९.५, डीसीपी १.२, बाकी १.३. त्या बाकीतच लायसिन एचसीएल ११५ ग्रॅम बसवा (टनाला ११५० ग्रॅम).

प्रोटीन १६.९८ वरून १६.६८ होतं, ऊर्जा २६०६ वरून २५८२. पचणारं लायसिन ०.७५५ चं ०.६६५ होतं, ते ११५ ग्रॅमने भरून निघतं. डीडीजीएसमधलं बरंचसं फॉस्फरस आंबवण्यात मोकळं झालेलं असतं, कोंड्यातल्याइतकं फायटेटमध्ये (कोंबडीला नीट न पचणाऱ्या रूपात) अडकलेलं नसतं. तरी पहिल्या फेरीत डीसीपीला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कवच पातळ झालं तर कशामुळे ते कळणार नाही.

मीठ मात्र तपासा. काही कारखान्यांत कॉस्टिक सोडा वापरतात, त्यामुळे डीडीजीएसमधलं सोडियम लॉटगणिक बदलतं. सोडियम वाढलं की कोंबडी पाणी जास्त पिते, विष्ठा पातळ होते आणि पिंजऱ्याखाली माश्या. लॅबला सोडियम वेगळं सांगून करून घ्या.

---

गोणीबाजार

कागद झाला, आता गोणी.

इथेनॉलकडे तांदूळ आणि मका वळल्यापासून डीडीजीएस भरपूर आहे, पण दर्जा एकसारखा नाही. एकाच कारखान्याचा सोमवारचा माल सोनेरी आणि गुरुवारचा कॉफीच्या रंगाचा असतो. काळपट रंग आणि करपलेल्या साखरेचा वास म्हणजे ड्रायर जास्त तापला. त्या उष्णतेत लायसिन साखरेला चिकटतं. लॅबमध्ये प्रोटीन पूर्ण दिसतं, कोंबडीला मिळत नाही. मक्याच्या डीडीजीएसला सोपी कसोटी: एकूण लायसिन भागिले प्रोटीन गुणिले १००. उत्तर २.८ च्या खाली आलं तर माल करपलेला. २७ टक्के प्रोटीनला किमान ०.७६ लायसिन हवं.

युरियाची भेसळ. एक किलो युरिया १०० किलो मालात मिसळला की प्रोटीन रिपोर्टवर जवळपास २.९ टक्के वाढतं. त्यामुळे ४० चा माल ४४ दाखवायला दीड किलो पुरतो. घरी बघायचं तर: १० ग्रॅम माल, ५ ग्रॅम कच्च्या सोयाबीनची पूड आणि ५० मिली कोमट पाणी बाटलीत घालून झाकण लावा. झाकणाला आतून ओला लाल लिटमस चिकटवा. अर्ध्या तासाने उघडा. लिटमस निळा आणि नाकात झणका गेला तर युरिया आहे. सोयापेंड वापरू नका, भाजल्यामुळे तिच्यातलं युरिएज (युरिया फोडून अमोनिया सोडणारं एन्झाइम) मेलेलं असतं, कच्चाच दाणा हवा. शेजारी खात्रीच्या मालाची दुसरी बाटली ठेवा, नाहीतर वासावरून वाद होतो. मेलामाइन (प्रोटीन जास्त दाखवणारी दुसरी भेसळ) असेल तर या चाचणीत सापडणार नाही, त्यासाठी लॅबला “नॉन-प्रोटीन नायट्रोजन” किंवा “ट्रू प्रोटीन” असं लिहून द्या.

डीओआरबी आणि पॉलिशमध्ये दुखणं वेगळं: तूस आणि वाळू. तुसात जवळपास पाचवा हिस्सा राख असते आणि ती बहुतेक सिलिका. ५० ग्रॅम माल अर्धा लिटर पाण्यात ढवळा. वर तरंगतं ते तूस. मग तांदूळ रोळतो तसं थोडं थोडं पाणी फिरवून ओतत जा. तळाशी जे करकरतं ते वाळवून वजन करा. एक ग्रॅम भरलं तर दोन टक्के वाळू, म्हणजे गाडी परत. बारीक दळलेलं तूस तरंगत नाही. त्यासाठी फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची चाचणी आहे, तुसाचे कण लालभडक होतात. कोंडाही थोडा गुलाबी होतो, म्हणून गडद ठिपके मोजा. ॲसिडची वाफ घशात जाते, उघड्यावर करा.

एक लिटरचं माप काठोकाठ भरून, सपाट करून वजन घ्यायची सवय लावा. पहिल्या चांगल्या लॉटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढचा लॉट हलका आला तर तूस, जड आला तर वाळू किंवा ओल. खर्च शून्य, आणि दलालासमोर करता येतं.

नमुना वरच्या दोन गोण्यांतून काढू नका. दहा टक्के गोण्या, किमान दहा, आणि बांबीने (गोणीत खुपसायची टोकदार नळी) गोणीच्या मधून. सगळं एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा चार भाग, असं करत अर्धा किलोवर या. अर्धा लॅबला, अर्धा सीलबंद तुमच्याकडे, लॉट नंबर आणि गाडी नंबर लिहून. अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) गोणीत एका कोपऱ्यात असतं आणि दुसऱ्यात नसतं. दोन गोण्यांचा “निल” रिपोर्ट काहीच सांगत नाही.

हमाली, वाराई, रिकाम्या गोणीची कापणी आणि ओलाव्याची घट धरल्याशिवाय “पोच भाव” म्हणू नका. १४ टक्के ओलाव्याचा माल १० टक्क्यांवर आणला की टनाला ४४ किलो हवेत जातात.

---

मॅशवाला_वसई

मका डीडीजीएसचा रिपोर्ट मागवला. प्रोटीन २७.४, लायसिन ०.७९, ओलावा ११, अफ्लाटॉक्सिन बी१ ६० पीपीबी (अब्जात ६० भाग). चाळणवाल्यांच्या हिशेबाने किंमत ठीक. पण ६० पीपीबी ऐकून घाबरायला हवं का? आणि ५००० पक्ष्यांवर एकदम न घालता कसं तपासू?

---

अमिनो_आम्ल

लायसिन भागिले प्रोटीन २.८८ येतं, माल करपलेला नाही.

६० चं गणित तयार खाद्यावर करा. इथेनॉलमध्ये स्टार्च निघून जातो आणि मक्याचा साधारण एक तृतीयांश भाग उरतो, त्यामुळे मक्यातलं विष तिपटीने घट्ट होतं. २० पीपीबीच्या मक्याचं डीडीजीएस ६० चं असणं साहजिक आहे. ८ टक्के घातलं तर खाद्यात ४.८ पीपीबी. पण तुमच्या मक्यात २० असेल तर ५३ टक्क्यांतून १०.६ येतात, बेरीज १५.४. सोया आणि कोंड्याचं वेगळंच. तयार खाद्य २० च्या आत ठेवायचं असं धरलं तर जागा कमी उरते. म्हणून डीडीजीएस घ्यायच्या आधी मक्याचा रिपोर्ट काढा. खरा दोषी बहुधा तिकडेच सापडतो. टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पूड) टनाला एक ते दोन किलो घाला, पण बाइंडर आहे म्हणून १०० पीपीबीचा माल घेऊ नका. मातीचे बाइंडर अफ्लाटॉक्सिन धरतात, टी-२ किंवा डॉन (DON) या बुरशीच्या इतर विषांवर फारसे चालत नाहीत, आणि डीडीजीएसमध्ये तीही तेवढीच घट्ट झालेली असतात.

---

चाळणवाला

चाचणीआधी किती वाचणार ते बघा, म्हणजे किती बारीक फरक पकडायचा ते कळेल.

जुनं सूत्र (मका, सोया, डीओआरबी): १०० किलोला २४८८ रुपये. नवं (डीडीजीएस २० ने): २३५८, अधिक लायसिनचे १८. वाचले ११२, म्हणजे किलोला १.१२. पक्षी ११० ग्रॅम खातो, ५००० पक्ष्यांना रोज ५५० किलो. रोजची बचत ६१६ रुपये.

पण ऊर्जा एक टक्का कमी झाली आहे. लेयर ऊर्जा भरून काढायला जास्त खाते, म्हणजे १११ ग्रॅम. रोज पाच किलो जास्त, २७ रुपये किलोने १३५ गेले. उरले ४८० च्या आसपास. अंडं फार्मवर पाच रुपयांना जात असेल तर ४८० म्हणजे रोजची ९६ अंडी. उत्पादन दोन टक्क्यांनी घसरलं की सगळी बचत खलास.

म्हणून तुमच्या चाचणीला दोन टक्क्यांचा फरक दिसलाच पाहिजे. बहुतेक लोक एका ओळीला जुनं, एका ओळीला नवं घालतात आणि महिन्याने “काही फरक नाही” म्हणतात. दाराजवळची ओळ आणि पंख्याखालची ओळ यांत खाद्य तेच असतानाही दोन टक्के फरक असतो. एकेक गट ६० पक्ष्यांचा धरा, गटागटांतला नैसर्गिक फरक (प्रमाण विचलन) दोन टक्के धरा. दोन्ही बाजूंना चार-चार गट केले तर तीन-साडेतीन टक्क्यांच्या आतला फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. दहा-दहा केले तर दोन टक्क्यांपर्यंत उतरता येतं. म्हणजे २० गट, १२०० पक्षी.

पिंजऱ्यांच्या मांडणीत जुनं-नवं आलटून पालटून द्या, वरचा मजला, मधला, खालचा सगळ्यांत. खाद्याची पन्हळ सलग असते, तिथे पत्र्याचे अडसर लावा, नाहीतर शेजारचा गट चोरून खातो आणि तुमचं वजन खोटं ठरतं. दोन गटांच्या मधला एकेक पिंजरा मोजणीतून वगळा.

आधी दोन आठवडे सगळ्यांना जुनंच खाद्य देऊन गटवार अंडी मोजा. ज्याचं मुळातच उत्पादन कमी आहे तो गट तेव्हाच कळतो आणि नंतरचा आकडा त्याच्या स्वतःच्या पायावर तोलता येतो. मग नव्या बाजूला २५, ५०, ७५, १०० टक्के असं आठ-दहा दिवसांत बदला. त्यानंतर चार आठवडे खरी मोजणी.

काय मोजायचं: रोज गटवार अंडी आणि फुटकी-पातळ कवचाची वेगळी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, प्रत्येक गटातली ३० अंडी वजनाला. उरलेलं खाद्य आठवड्याला तोलायचं, रोज तोलू नका. मिथिओनिन कमी पडलं तर उत्पादनाआधी अंड्याचं वजन उतरतं, म्हणून वजनाकडे डोळा ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक गटातल्या दहा ठरावीक पक्ष्यांचं वजन, पायात रंगीत कडी घालून. अंडी टिकून पक्षी सुकत असेल तर तो स्वतःच्या अंगातून भरतोय, पुढच्या दोन महिन्यांत उत्पादन पडेल.

माल किती लागेल? नव्या बाजूला ६०० पक्षी, रोज ६६ किलो, नव्या खाद्याचा सगळा काळ ४२ दिवस धरला तरी पावणेतीन टन खाद्य. त्यात ८ टक्के म्हणजे २२२ किलो डीडीजीएस. पाच गोण्या. दलाल “गाडी घ्या” म्हणत असेल तर पाच गोण्या मागा. त्या सगळ्या एकाच लॉटच्या हव्यात, आणि चाचणीचा सगळा मका, सोया एकाच वेळी घेतलेला हवा.

मे महिन्यात सुरू करू नका. उकाड्यात खाणं उतरतं आणि दोन्ही बाजू सारख्याच वाईट दिसतात.

---

गोणीबाजार

गाडीवरून आठवलं. सगळ्या कळपाला घातलं तरी ८ टक्क्यांनी तुमचा महिन्याचा खप १३०० किलोच्या आसपास, म्हणजे २६ गोण्या. दहा टन घेतले तर साडेसात महिने पुरतील आणि त्यातला निम्मा माल वसईच्या पावसाळ्यात सडेल. दोन-तीन फार्म मिळून एक लॉट घ्या आणि नमुना एकत्र तपासा, लॅबचा खर्चही वाटला जातो.

---

कोंडा_आणि_कणी

राईस पॉलिशबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मुंबईच्या आजूबाजूला, वाडा, मुरबाड, कर्जत पट्ट्यात भातगिरण्या आहेत आणि ताजा माल खरंच मिळतो. ताजं असेल तर सुंदर गोष्ट आहे: प्रोटीन १२ ते १४, तेल १२ ते १८ टक्के, ऊर्जा २८०० च्या पुढे, आणि त्यातलं लिनोलेइक आम्ल अंड्याच्या वजनाला मदत करतं.

फसवणूक दोन ठिकाणी. पहिली, गिरणी कोणती. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकत्रच भरडून निघतो, तंतू २० टक्क्यांच्या पुढे. शेलर गिरणीत तूस आधी वेगळं होतं आणि पॉलिश वेगळं पडतं. फोनवर “पॉलिश” दोघेही म्हणतात. जाऊन यंत्र बघा.

दुसरी, वेळ. तांदळाचा दाणा घासला की लायपेज (तेल फोडणारं एन्झाइम) आणि तेल एकमेकांना भिडतात आणि काही तासांतच तेल फुटायला लागतं. दमट हवेत वेग वाढतो. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आठवडाभर, पावसाळ्यात चार दिवसांत संपवा. खवट पॉलिशमुळे कोंबडी खाणं कमी करते, शिवाय प्रीमिक्समधलं ई आणि ए जीवनसत्त्व पिशवीतच मरतं. पिल्लांना तर अजिबात नको, ई जीवनसत्त्वाअभावी मेंदूचा आजार होतो, मान वाकडी करून पडतात. नाकाला कळण्याआधीच माल बिघडलेला असतो, म्हणून लॅबला “फ्री फॅटी ॲसिड” (किती तेल फुटलंय त्याचं माप) सांगा.

उकड्या तांदळाची गिरणी सापडली तर तिथला कोंडा घ्या. भात उकडताना लायपेज मरतं, माल जास्त टिकतो, तेलही जास्त असतं. कोकणाकडे अशा गिरण्या आहेत.

प्रमाण १० टक्क्यांपर्यंत. त्यातलं फॉस्फरस बहुतेक फायटेटमध्ये असतं, टनाला ५ लाख युनिट (किलोला ५००) फायटेज, म्हणजे फायटेट फोडणारं एन्झाइम, घातलं तर उपलब्ध फॉस्फरस साधारण ०.१ टक्का वाढतं आणि तेवढ्यापुरतं डीसीपी कमी करता येतं. पॉलिश घेतलं तर डीओआरबी त्याच प्रमाणात काढा, दोन्ही मिळून १५ च्या वर गेलं की मॅश फुगतं, पक्षी पोटभर खाऊनही ऊर्जेला कमी पडतो.

---

मॅशवाला_वसई

मक्याचा रिपोर्ट आला, १२ पीपीबी. मग पाच गोण्यांची चाचणी पावसाळ्यानंतर करतो. गोदाम पत्र्याचं आहे, खाली कोबा. आणि ओल्या चोथ्याचा विचार सोडू का?

---

चाळणवाला

चोथा सोडा. ओल्या चोथ्यात ७८ टक्के पाणी असतं. १०० किलोतून १० टक्के ओलाव्याचा सुका माल साडेचोवीस किलो निघतो, म्हणजे दाखवलेला भाव चारपटीने वाढवा, वर वाळवायचा खर्च. सुका केल्यावर प्रोटीन २२ ते २७ दिसतं, पण तंतू १५ च्या वर, लेयरला ५ टक्क्यांपलीकडे चालत नाही. उन्हात पसरला तर दुसऱ्या दिवशी आंबतो, तिसऱ्या दिवशी बुरशी. म्हशींना जातो तिथेच जाऊ दे.

---

गोणीबाजार

कोब्यावर थेट थप्पी नको. लाकडी फळ्या, जमिनीपासून सहा इंच, भिंतीपासून दीड-दोन फूट. थप्पी सहा-सात गोण्यांच्या वर नको, तळातल्या दाबल्या जाऊन घट्ट ढेकूळ होतात आणि तापतात. पत्र्याखाली रात्री दव ठिबकतं, म्हणून थप्पीवर ताडपत्री टाका, पण बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी गुंडाळली की आतली ओल आतच राहते.

डीओआरबी आणि डीडीजीएस दोन्ही हवेतली ओल ओढतात. ११ टक्क्यांनी आलेला माल जुलैत १४ वर जातो, कुणी पाणी घातलेलं नसतं. ओलावामापक नसेल तर १०० ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, जेवढे ग्रॅम घटले तेवढे टक्के ओल. १३ च्या वर गेलं की टनाला एक ते दोन किलो कॅल्शियम प्रोपिओनेट मिसळा आणि तो लॉट आधी संपवा. प्रोपिओनेट पुढची बुरशी थांबवतं, आधी तयार झालेलं विष काढत नाही. गोणीत मुठीएवढा निळा-हिरवा गठ्ठा सापडला तर गठ्ठा फेकून बाकी वापरू नका, गोणीच बाजूला करा.

मिक्सरच्या तळाचा कोपरा आणि हॅमर मिलखालचा खड्डा दर आठवड्याला रिकामा करा. तिथे अडकलेलं जुनं मॅश प्रत्येक नव्या मिश्रणात थोडं थोडं मिसळत राहतं, आणि लोक दोष डीडीजीएसला देतात.